टॉवरवर स्पीकर, तळाशी बॅटरी: बोटीतल्या म्युझिक सिस्टिमचं वायरिंग

अटलांटाच्या उत्तरेला, लेक लॅनियरपासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या एका मित्राने जुनी वेकबोर्ड बोट घेतली. पंधरा दिवसांत त्याचा फोन आला. "चार टॉवर स्पीकर आणि एक अ‍ॅम्प्लिफायर आणलाय. शनिवारी बसवून टाकतो. स्पीकरला कुठली वायर घेऊ?"

मी विचारलं, "बोटीत बॅटऱ्या किती आहेत?"

"एकच. का रे?"

त्या 'का रे'चं उत्तर देण्यात तास गेला, तरी अर्धं सांगायचं राहिलंच. ते सगळं इथे सविस्तर लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम स्पीकरच्या टोकाकडून सुरू करू नका. बॅटरीकडून सुरू करा आणि वर चढत जा. स्पीकर महाग असतात, समोर दिसतात, म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं. पण गाणं कसं वाजेल, बोट सुरक्षित राहील का आणि संध्याकाळी आपण आपल्या इंजिनावर घरी येऊ का, हे तळातल्या केबलवर आणि बॅटरीवर ठरतं.

ज्यांनी ही बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. वेकबोर्डिंगमध्ये माणूस पायाला फळी बांधून बोटीमागच्या दोरीला धरून उभा असतो आणि बोटीने उठवलेल्या लाटेवरून उड्या मारतो. दोरी जितकी उंचावरून बांधलेली, तितकी उडी घेणं सोपं. म्हणून १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या अशा बोटींवर अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपांची उंच कमान दिसू लागली. तोच टॉवर. दोरीसाठी उभ्या केलेल्या या कमानीवर लोकांनी मग मागच्या दिशेला तोंड करून स्पीकर लावले, कारण दोरीच्या टोकाला असलेल्या माणसालाही गाणं ऐकायचं असतं.

आणि हा माणूस दूर असतो. दोरी साधारण २० मीटर लांब. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. म्हणजे स्पीकरपासून १ मीटरवर जो आवाज आहे, तो २० मीटरवर पोचेपर्यंत २६ डेसिबल कमी झालेला असतो. एखादा साधा स्पीकर १ वॉटवर, १ मीटर अंतरावर ९० डेसिबल देत असेल, तर १०० वॉट दिल्यावर ११० डेसिबल देईल, आणि दोरीच्या टोकाला त्यातले ८४ उरतील. त्यावर इंजिन, वारा आणि पाण्याचा आवाज. म्हणून टॉवरसाठी भोंग्यासारखी रचना असलेले हॉर्न स्पीकर वापरतात. त्यांतले बरेचसे तेवढ्याच १ वॉटमध्ये १०० डेसिबलच्या आसपास देतात. हा १० डेसिबलचा फरक केवळ वॉट वाढवून भरून काढायचा, तर दहापट ताकदीचा अ‍ॅम्प लागेल. स्पीकर निवडताना खोक्यावरच्या मोठ्या अक्षरातल्या वॉटपेक्षा कोपऱ्यातला हा सेन्सिटिव्हिटीचा आकडा आधी वाचा. त्यावर तुमची पुढची सगळी केबल, फ्यूज आणि बॅटरी अवलंबून आहे.

चाळीस अँपिअर

मित्राचा अ‍ॅम्प चार चॅनेलचा. प्रत्येक चॅनेल ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) स्पीकरला १०० वॉट देतो. हे १०० वॉट 'आरएमएस', म्हणजे सलग देता येतील असे. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'मॅक्स १६०० वॉट' असंही छापलं होतं. तो आकडा कुठल्याच हिशोबात घेऊ नका.

चार चॅनेल म्हणजे ४०० वॉट. पण अ‍ॅम्प आत घेतलेली सगळी वीज आवाजात घालत नाही, काही भाग गरम होण्यात जातो. आजकालचे 'क्लास डी' अ‍ॅम्प साधारण ८० टक्के वीज पुढे देतात, जुने 'क्लास एबी' निम्म्याहून थोडी जास्त. ८० टक्के धरले तर ४०० वॉट बाहेर काढायला ५०० वॉट आत जावे लागतात. बॅटरीचा दाब १२.५ व्होल्ट धरा. ५०० भागिले १२.५, म्हणजे ४० अँपिअर.

घरातला दीड टनाचा एसीसुद्धा २३० व्होल्टवर साधारण ७-८ अँपिअर घेतो. व्होल्ट कमी असले की तेवढ्याच वॉटसाठी अँपिअर जास्त लागतात, आणि वायर गरम होते ती अँपिअरने. '१२ व्होल्टच तर आहेत, काय होणार' असं म्हणत जे काम केलं जातं, त्याची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं. पण आग लागायला शॉक बसावा लागत नाही.

वेंगुर्ल्याला आमच्या आजोळी नारळी-पोफळीच्या वाडीत पाटाचं पाणी फिरायचं. ज्यांनी ते पाहिलं असेल त्यांना केबलचं गणित लगेच कळेल. विहिरीजवळच्या आळ्यात पाणी धो धो येतं. पाट अरुंद असेल, लांब असेल, तर शेवटच्या माडापर्यंत पोचताना त्याचा जोर संपलेला असतो. विहीर तीच असते, पाणीही तेच असतं, पाटाने जोर खाल्लेला असतो. केबलही अशीच व्होल्ट खाते. त्यात वीज बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत जाते आणि तितक्याच लांबीने परत येते, त्यामुळे हिशोबात लांबी दुप्पट धरावी लागते. नवखे लोक हमखास इथे चुकतात.

मित्राच्या बोटीत बॅटरी मागे, अ‍ॅम्प पुढे स्टीअरिंगखाली. केबलची वाट ५ मीटर, जाऊन येऊन १०. त्याने आणलेल्या 'अ‍ॅम्प किट'मधली केबल ८ गेजची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची होती (गेजचा आकडा जितका लहान, तितकी केबल जाड). १० मीटरला तिचा विरोध साधारण ०.०२ ओहम. ४० अँपिअरला ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. त्याऐवजी ४ गेजची, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर ०.३३ व्होल्ट जातात. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था बोटींच्या वायरिंगचे मानदंड ठरवते. तिथे बोटीच्या दिशादर्शक दिव्यांसारख्या सुरक्षेच्या गोष्टींना ३ टक्क्यांपर्यंत घट चालते, बाकीच्यांना १० टक्क्यांपर्यंत. म्युझिक बाकीच्यांत मोडतं, तरी मी अ‍ॅम्पला ३ टक्केच धरतो. १२ व्होल्टचे ३ टक्के म्हणजे ०.३६. चार गेज त्यात बसली, आठ गेज नाही.

खरं सांगायचं तर ०.८ व्होल्टने आवाज फारसा कमी झाल्याचं कानाला कळणार नाही. त्रास वेगळा होतो. ढोलाचा ठोका आला की अ‍ॅम्प एका क्षणात जास्त ओढतो, व्होल्ट खाली बसतात, अ‍ॅम्पमधलं संरक्षण 'व्होल्टेज कमी' म्हणून गाणं तोडतं आणि पुन्हा सुरू करतं. लोक अ‍ॅम्प बदलतात, स्पीकर बदलतात, आणि दोष मात्र केबलमध्येच राहतो. शिवाय ०.८ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे ३२ वॉट. सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाग द्यायचं तापतं हत्यार, साधारण तेवढ्याच वॉटचं असतं. ती उष्णता केबलभर पसरते तोवर ठीक, पण एखादं जोड सैल असेल तर ती तिथेच गोळा होते.

केबल घेताना आणखी दोन गोष्टी बघायच्या. स्वस्त किटमधली बरीचशी केबल वरून तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. वजनाला हलकी लागते, त्यावरून शंका येते. तिचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त आणि ओलाव्यात ती फार लवकर कुजते. ती बोटीत नको. बोटीसाठी बारीक बारीक तारांची, प्रत्येक तारेला कथिलाचा थर दिलेली तांब्याची केबल मिळते. हा थर म्हणजे आपली कल्हईच. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की त्यातलं ताक कळकतं, कारण आंबट ताक आणि धातू यांच्यामधला पडदा गेलेला असतो. केबलमध्येही तेच. उघड्या तांब्यावर ओल चढली की आत इंच इंच हिरवा-काळा थर सरकत जातो आणि वरून काही दिसत नाही. लॅनियरचं पाणी गोडं आहे, तिथे कल्हई नसलेली केबल काही वर्षं निभावून जाईलही. मालवण-तारकर्लीच्या खाऱ्या हवेत तिचा पहिला पावसाळाच कठीण.

फ्यूज केबलसाठी असतो

"अ‍ॅम्पला फ्यूज आहेच की," मित्र म्हणाला. आहे, पण तो अ‍ॅम्पच्या टोकाला आहे. मधल्या पाच मीटर केबलचं काय? ती कुठे पत्र्याच्या धारेवर घासली आणि निगेटिव्हला लागली, तर बॅटरी हजारावर अँपिअर त्या केबलमध्ये ढकलू शकते. अ‍ॅम्पमधल्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही, कारण वीज त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या बाजूला लागतो. अमेरिकन मानदंडाचा साधा नियम ७ इंच, म्हणजे १८ सेंटिमीटरच्या आत असा आहे. बॅटरीलाच जोडलेली केबल पूर्णपणे आवरणातून नेली असेल तर थोडी सूट मिळते, पण जवळात जवळ लावणं उत्तम. बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारे फ्यूजही मिळतात, ते मला सगळ्यात आवडतात.

किती अँपिअरचा? अ‍ॅम्प ४० घेतो, केबल त्याहून कितीतरी जास्त सोसते, तर ६० चा फ्यूज योग्य. 'उडू नये म्हणून' १५० चा लावणाऱ्यांनी नंतर कधी त्याच फ्यूजवरून बारीक केबल पुढे काढली, तर तो फ्यूज तिला वाचवणार नाही.

इथे एक गोष्ट घाई न करता सांगतो. या बोटींची इंजिनं बहुतेक पेट्रोलवर चालतात आणि इंजिन बंदिस्त कप्प्यात असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. त्या कप्प्यात एक ठिणगी पडली तरी पुरे. म्हणून तिथे बसवायचा स्विच, रिले (विजेनेच उघड-बंद होणारा स्विच), फ्यूज, काहीही असो, त्यावर 'इग्निशन प्रोटेक्टेड' अशी खूण हवी. अमेरिकेत पेट्रोलच्या बंदिस्त इंजिनकप्प्यांसाठी हा कायदाच आहे. मोटारीसाठीचा स्वस्त रिले तिथे लावू नका. त्या कप्प्यात काम करण्याआधी झाकण उघडं टाका, बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा, आणि काम झाल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी ४ मिनिटं ब्लोअर, म्हणजे कप्प्यातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालवा. ही चार मिनिटं तिथल्या बोटींवर स्टिकरवर लिहिलेली असतात आणि घाईत सगळ्यांत आधी तीच कापली जातात.

घरी परतायची बॅटरी

आता 'का रे'चं उत्तर. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन कुटुंबं भाड्याच्या बोटीने तळ्यावर गेलो होतो. एका शांत खाडीसारख्या जागी नांगर टाकला, इंजिन बंद केलं, मुलं पोहायला उतरली. गाणी चालू. तीन-साडेतीन तासांनी ढग भरून आले म्हणून किल्ली फिरवली, तर नुसती टिक टिक. बोटीत एकच बॅटरी होती आणि ती गाण्यांनी संपवली होती. विजा चमकायला लागल्या होत्या आणि आम्ही उघड्या पाण्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या कमानीखाली बसलो होतो. दुसऱ्या एका बोटीने ओढून किनाऱ्याला आणलं. लहान मुलांचे ते घाबरलेले चेहरे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कोणी बोटीतल्या म्युझिकबद्दल विचारलं की माझा पहिला प्रश्न बॅटरीचा असतो.

हिशोब करून बघा. गाणं काही सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, ठोक्याला उसळतं आणि मध्ये खाली येतं. मोठ्याने लावलं तरी सरासरी ओढ कमालीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास धरा, म्हणजे १३ अँपिअर. स्टीरिओ, फोनचे चार्जर वगैरे धरून १५. लेड-अ‍ॅसिड बॅटरी १०० अँपिअर-अवरची असली तरी तिच्यातले निम्मेच वापरायचे असतात, त्याखाली वारंवार नेली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. ५० भागिले १५, म्हणजे साधारण सव्वातीन तास. आमच्या त्या दुपारीही जवळपास तेवढाच वेळ गेला होता.

म्हणून दोन बॅटऱ्या. एक फक्त इंजिन सुरू करायला, तिला दुसरं कोणी हात लावायचा नाही. दुसरी म्युझिकला आणि बाकी सगळ्याला. ही दुसरी 'डीप सायकल' प्रकारची हवी, कारण सुरू करायची बॅटरी क्षणभर खूप ताकद द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास थोडं थोडं द्यायला नाही. दोघींच्या मध्ये एक आपोआप चालणारा रिले बसवतात. इंजिन चालू होऊन व्होल्ट साडेतेराच्या आसपास गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि अल्टरनेटर (इंजिनाने फिरणारं वीज बनवणारं यंत्र) दोघींना भरतो. इंजिन बंद होऊन व्होल्ट तेराच्या खाली उतरू लागले की तो त्यांना वेगळं करतो. मग गाण्याने एक पूर्ण संपवली तरी किल्लीची बॅटरी भरलेली राहते. '१-२-बोथ' असा हाताने फिरवायचा स्विचही असतो, त्याने काम होतं. पण दुपारी कोणीतरी 'बोथ'वर ठेवून विसरतंच. रिले विसरत नाही, म्हणून माझं मत रिलेला.

बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणारं, पाणी उपसणारा पंप मात्र बॅटरीच्या मुख्य स्विचवर ठेवू नका. त्याला वेगळा फ्यूज लावून थेट बॅटरीवरून वीज द्या. बोट धक्क्याला बांधून सगळं बंद करून तुम्ही घरी गेलात तरी तो चालू राहायला हवा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी असते आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण ती रिकामी असताना अल्टरनेटरकडून मिळेल तितकी वीज ओढते, आणि साधा अल्टरनेटर त्यात तापून जळू शकतो. तिला मधे चार्जर लागतो. केवळ जुनी काढली आणि तिच्या जागी ही ठेवली, असं करू नका. आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या, इंजिनाच्या लहान बोटींना, म्हणजे आपल्याकडे कोकणात जलक्रीडेला वापरतात तशांना, वेगळी अडचण आहे. ती इंजिनं बॅटरीला मुळातच फार थोडे अँपिअर देतात. तिथे ४० अँपिअरचा अ‍ॅम्प लावला तर इंजिन चालू असतानाही बॅटरी उतरत जाईल. अशा बोटीवर लहान अ‍ॅम्प आणि जास्त सेन्सिटिव्हिटीचे दोन स्पीकर हेच शहाणपणाचं.

ओहमचं कोडं

लोक इथे सर्वांत जास्त अडखळतात, आणि खरं तर गोष्ट साधी आहे. मंगल कार्यालयाच्या हॉलला एक दार असेल तर जेवण झाल्यावर गर्दी हळूहळू बाहेर पडते. शेजारी तसंच दुसरं दार उघडलं की दुप्पट लोक बाहेर पडतात, म्हणजे अडथळा निम्मा झाला. दोन स्पीकर शेजारी-शेजारी, पॅरलल जोडले की तसंच होतं. ४ ओहमचे दोन स्पीकर अ‍ॅम्पला २ ओहम दिसतात. तेच एका दारातून बाहेर आल्यावर पुढे आणखी एक दार ओलांडायचं असेल तर अडथळा वाढतो. ही सीरीज जोडणी, ४ आणि ४ मिळून ८ ओहम.

ओहम कमी झाले की अ‍ॅम्पमधून वीज जास्त वाहते. अ‍ॅम्पची एक मर्यादा असते, ती त्याच्या पुस्तकात लिहिलेली असते. त्याखाली गेलात तर तो तापतो, बंद पडतो, किंवा जळतो. आणखी एक फसवी जागा म्हणजे ब्रिजिंग. दोन चॅनेल एकत्र करून एका स्पीकरला जास्त ताकद देता येते, पण तेव्हा प्रत्येक चॅनेलला स्पीकरचा निम्माच ओहम दिसतो. एका चॅनेलला २ ओहमपर्यंत चालणारा अ‍ॅम्प ब्रिज केल्यावर ४ ओहमच्या खाली चालत नाही. म्हणजे पॅरलल केलेली जोडी ब्रिजवर लावायची नाही.

मित्राकडे चार स्पीकर आणि चार चॅनेल होते. एका चॅनेलला एक स्पीकर, कुठलंही कोडं नाही. नव्याने करणाऱ्याने हीच रचना करावी असं मला वाटतं. एक बाजू बंद पडली तर दोष शोधायलाही पाच मिनिटं लागतात.

अधिक-उण्याची खूण मात्र चारही ठिकाणी सारखी हवी. एक स्पीकर उलटा जोडला तर तो इतरांच्या नेमका उलट हलतो. शेजारचा स्पीकर हवा पुढे ढकलत असताना हा ती मागे ओढतो आणि खालचे सूर जणू नाहीसे होतात. काहीही जळत नाही, गाणं फक्त पोकळ लागतं, आणि माणूस वर्षभर स्पीकरला नावं ठेवत राहतो.

स्पीकरची वायर मात्र, जिच्याबद्दल मित्राने सुरुवातीला विचारलं होतं, ती या सगळ्यात सोपी. अ‍ॅम्प ते टॉवर ६ मीटर, जाऊन येऊन १२. १४ गेजची वायर त्यात ०.१ ओहम घालते, ४ ओहमपुढे अडीच टक्के. पुरे. स्पीकर २ ओहमवर चालवणार असाल तर १२ गेज घ्या.

नाडी ओवावी तशी

टॉवरच्या पोकळ पाइपमधून वायर नेणं हे सबंध कामातलं सगळ्यात वेळखाऊ. पायजम्यात नाडी ओवतो तसंच करायचं. आधी ताठ पण लवचीक तार वरून सरकवायची, खालच्या टोकाला वायर बांधायची, एकजण ओढतो आणि दुसरा खालून हलक्या हाताने ढकलतो. पाइपमध्ये आधीची वायर असेल तर तिच्याच शेपटीला नवी बांधून ओढता येते. पण त्याआधी ती जुनी दिव्याची आहे का ते बघा.

जिथे वायर पाइपच्या भोकातून आत-बाहेर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारं कडं, हवंच. अ‍ॅल्युमिनियमची कापलेली कड सुरीसारखी असते आणि बोट सतत थरथरते. घडी होणारा टॉवर असेल तर बिजागरीपाशी वायरला थोडी ढील ठेवा आणि टॉवर पूर्ण खाली-वर करून ती कुठे चिमटत नाही ना ते बघा. स्पीकरमध्ये शिरण्याआधी वायरचा खाली एक छोटा झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळावरून ठिबकून जाईल, स्पीकरमध्ये शिरणार नाही.

जोड क्रिम्पचे, म्हणजे पकडीने दाबून बसवलेले, वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी. तापवल्यावर टोकातून डिंकाचा थेंब बाहेर आला की पाणी आत जायची वाट बंद झाली. नुसत्या सोल्डरवर जोड सोडू नका. सोल्डर वायरमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरून नेमका तिथेच तुटतो. वायर दर ४५ सेंटिमीटरवर कुठेतरी बांधलेली असावी.

मोटारीचं वायरिंग ज्यांना येतं त्यांनी एक सवय बोटीत विसरायची. मोटारीत निगेटिव्ह जवळच्या पत्र्याला लावला की काम झालं. फायबरग्लासच्या बोटीत असा पत्राच नाही, त्यामुळे निगेटिव्हची केबलही तितकीच जाड, बॅटरीच्या बसबारपर्यंत (अनेक केबल एकत्र जोडायची धातूची पट्टी) परत न्यावी लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत पत्रा असतो, मोहही होतो, पण तिथे बोटीच्या अंगातून वीज नेली तर धातू पाण्यात खाल्ला जातो. टॉवरच्या पाइपलाही निगेटिव्ह लावायचा नाही.

रंगांबद्दलही सावध. अमेरिकेत १२ व्होल्टच्या निगेटिव्हला काळी किंवा पिवळी वायर चालते, पण तिथल्या घरगुती १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी वायर जिवंत असते. भारतात शिकलेल्या हाताला काळी म्हणजे न्यूट्रल. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या बोटीत दोन्ही वायरिंगं शेजारी असतात. म्हणून निगेटिव्हसाठी पिवळीच वापरा.

स्टीरिओकडून अ‍ॅम्पकडे येणारी सिग्नलची केबल जाड केबलच्या शेजारून नेऊ नका, बोटीच्या दुसऱ्या बाजूने न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी 'उंई' अशी शिटी स्पीकरमधून येत असेल तर आधी ही केबल अ‍ॅम्पमधून काढून बघा. शिटी थांबली तर दोष तिच्यातून येतोय. बहुतेक वेळा स्टीरिओचा आणि अ‍ॅम्पचा निगेटिव्ह वेगवेगळ्या ठिकाणी लावलेला असतो, तो एकाच बसबारवर आणला की शिटी जाते.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

अ‍ॅम्पवरचं 'गेन' हे बटण पूर्ण फिरवलं म्हणजे जास्त ताकद मिळते, हा गैरसमज जितके स्पीकर जाळतो तितके दुसरं काही जाळत नसेल. ते बटण स्टीरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्पची क्षमता यांचा मेळ घालतं. ते जास्त झालं की अ‍ॅम्पला द्यायला ताकद उरत नाही, लाटेचे माथे सपाट कापले जातात, आवाज चरचरतो आणि उंच सुरांचा नाजूक भाग जळतो.

मल्टिमीटरने हे नीट बसवता येतं. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पवरून काढा. स्टीरिओचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवा, बेस-ट्रेबल शून्यावर. १००० हर्ट्झचा सलग सूर वाजवा, तो फोनवर सहज मिळतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा. १०० वॉट गुणिले ४ ओहम म्हणजे ४००, त्याचं वर्गमूळ २०. मीटरवर २० व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवा आणि तिथे थांबा. त्यानंतर हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारी चाळणी, ८० ते १०० हर्ट्झवर. टॉवरवरच्या लहान डब्यातल्या स्पीकरला त्याखालचे सूर पेलत नाहीत. स्पीकरचा पडदा नुसता आत-बाहेर फडफडतो आणि वीज खातो.

आवाज किती ठेवायचा हे मीटर सांगत नाही. टॉवरचे स्पीकर मागे तोंड करून असल्यामुळे बोटीत बसलेल्यांना जाणवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आवाज किनाऱ्यावरच्या घरांकडे जातो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, तेव्हा वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि पाण्यावरून फार दूर पोचतो. दुपारी जो आवाज कुणाला खटकला नाही तोच सात वाजता पलीकडच्या काठावरच्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत शिरतो. भारतात तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे, आणि मांडवीवर किंवा तारकर्लीच्या खाडीत बोट आहे म्हणून ती सुटत नाही. दोरीच्या टोकाचा माणूस पडला, ओरडला, तर ते चालवणाऱ्याला ऐकू यायला हवं. मागे बघत बसलेला एक माणूस बोटीत हवाच. आणि दोरी आत घेतली की गाणं खाली.

सगळं बसवून झाल्यावर लगेच सामान आवरू नका. इंजिन चालू ठेवून अर्धा तास मोठ्याने गाणं लावा. मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, मग अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर. फरक ०.३-०.४ च्या आत असेल तर केबल बरोबर. मग गाणं बंद करा, इंजिन बंद करा, पंख्याच्या पट्ट्यापासून आणि एक्झॉस्टपासून हात दूर ठेवत एकेका जोडाला बोट लावून बघा: फ्यूजची दोन्ही टोकं, बसबार, अ‍ॅम्पचे स्क्रू. सगळे सारखे कोमट असले पाहिजेत. मित्राच्या बोटीत फ्यूजचं एक टोक इतरांपेक्षा चांगलंच गरम लागलं. तिथला लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, कापून नवीन क्रिम्प केला, पुन्हा अर्धा तास गाणं लावलं, आणि मग तो थंड राहिला.